सुरुंगाची तार

कॅसेटवर माय बोलत होती आणि बाबा म्हणाले, "हा आवाज तिचा नाई." मग ते उठले आणि ओसरीतल्या खाटेवर जाऊन बसले.

माय जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ती कॅसेट माझ्या मोठ्या बहिणीला तिच्या लग्नातल्या पेटीत, जुन्या पातळांच्या खाली सापडली. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. पूर्वी आमच्या घरी एका स्पीकरचा लहानसा टेपरेकॉर्डर होता. तो नवा होता तेव्हा बाईनं मायला न सांगता मागच्या अंगणात तो चालू करून ठेवला. माय सुपात झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसली होती. तिचं माहेर तलावाकाठचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं. वाळलेले झिंगे निवडायला बसली की तिला वेळेचं भान राहत नसे. कॅसेटवर ती धानाच्या रोवणीचं एक गाणं अर्धवट गुणगुणते, कोंबडीला हाकलते, शेजारणीला आंबाडीच्या भाजीबद्दल काही सांगते आणि शेवटी बाबांना हाक मारते. टेपरेकॉर्डरच्या आतल्या वायरी पुढे उंदरांनी खाल्ल्या. कॅसेट तेवढी राहिली.

त्या हाकेबद्दल सांगायला हवं. मायच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. माय बाबांना हाक मारायची ती "आयकता का?" अशी. ते दोन शब्द म्हणजेच बाबांचं नाव होतं. खाणीच्या कॉलनीतल्या बाया यावरून तिची फार थट्टा करत, कारण बाबांना ऐकायला येतच नव्हतं. "नाव आयकता का, अन् मानूस आयकतच नाई," असं एक शेजारीण नळावर म्हणायची. माय हसायची आणि घरी येऊन पुन्हा तशीच हाक मारायची. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेला बाबा मान वर करत.

बाबा चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत शॉटफायरर होते. कोळशात पाडलेल्या भोकांत बारूद भरायची, तारा जोडायच्या, माणसं मागे हटवायची आणि कळ फिरवायची. त्यांची सारी नोकरी यातच गेली आणि कानही त्यातच गेले. पण ते एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. पाखरं, सायकलची घंटी, कपबशी हे त्यांच्यासाठी एकेक करून बंद झालं. जाड आवाज उरले. ट्रक, ढोल, बैलाचं हंबरणं त्यांना ऐकू येई. आणि मायचा आवाज. तिचा आवाज बाईमाणसाच्या मानानं जाड होता, छातीतून यायचा. माझ्या आणि बाईच्या बोलण्यातले अर्धे शब्द त्यांना कळत नसत. मायचं मात्र, एकदा लक्ष गेलं की, सगळं कळायचं.

नोकरी संपली, माय गेली आणि बाबा माझ्याकडे आलापल्लीला राहायला आले. मी तिथे लाकडाच्या डेपोत कारकून होतो. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मला गाण्यांचा नाद होता आणि त्या नादाची मनात टोचणीही होती. ज्याचे कान आम्हाला वाढवण्यात गेले तो माणूस ओसरीत बसलेला आणि मी आत गाणी ऐकतोय, हे काही मला बरं वाटत नसे. माझा स्वभावच तसा आहे. घरात दूध नासलं तरी मला वाटतं, माझ्याच हातून झाकण राहिलं असेल.

तरी मी सेट केला. नागपूरहून एक जुना पण चांगला ॲम्प्लिफायर आणि कॅसेट डेक आणला. स्पीकर सुटे आणले आणि त्यांच्या पेट्या आलापल्लीच्या सुताराकडून सागाच्या करून घेतल्या. त्यानं त्या इतक्या घोटल्या होत्या की घरी येणारा माणूस आधी पेटीवर हात फिरवायचा, गाण्याचं नंतर विचारायचा. राहिली तार. तेव्हा बाबा म्हणाले, "तार मी देतो."

खाणीच्या कॉलनीत वाढलेल्या माणसाला ही तार सांगावी लागत नाही. सुरुंग उडाल्यावर डिटोनेटरच्या तारांचे तुकडे दगड-कोळशात पडलेले असत. लोक ते वेचून आणत. त्यांच्या टोपल्या विणत, खाटा विणत, कुंपण बांधत, भोपळ्याचा वेल त्यावर चढवत. आमच्याकडे पिवळ्या तारेचं एक भेंडोळं होतं. दोन पदर एकमेकांत पिळलेले आणि दोन्ही पिवळे. बाबांनी ती तार भिंतीच्या कडेकडेनं अशी घातली की कुठे झोळ नाही, कुठे वळ नाही. मी हे काम इतक्या निगुतीनं कधीच करू शकलो नसतो. टोकं जोडायची वेळ आली तेव्हा मी ॲम्प्लिफायरमागची लाल आणि काळी जागा दाखवून विचारलं, यातलं कोणतं टोक कुठे?

"कोनतंबी टोक कुठीबी लाव," बाबा म्हणाले. "सर्किट पुरं झालं का आवाज होतेच."

आणि झालाच. गाणी वाजली. थोडी पोकळ वाटायची, तबल्याचा डग्गा कुठेतरी दूर दबून गेल्यासारखा वाटायचा, पण आलापल्लीला व्होल्टेजच पुरेसं नसतं, त्यामुळे मी दोष विजेला दिला. पुढे कानाला तीच सवय झाली.

मग ती कॅसेट सापडली. बाई आणि भाऊजी धानोऱ्याहून ती घेऊन मुद्दाम आले. मी बाबांना दोन पेट्यांसमोर खुर्चीत बसवलं, आवाज भरपूर मोठा केला. माय बोलू लागली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि बाबांनी कान पुढे करून, कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ ऐकलं आणि ते वाक्य बोलले.

मी पुन्हा काही वेळा प्रयत्न केला. सणाला केला, मायच्या तिथीला केला. प्रत्येक वेळी तेच. हा तिचा नाई. कोन्या दुसऱ्या बाईचा असन. बाई एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "बाबा मायले विसरले का रे?" माझ्या मनातही तेच आलं होतं. म्हातारपणात माणसाचं असं होतं, असं मी स्वतःला समजावत होतो, आणि आतून त्यांच्यावर चिडत होतो. ज्या माणसाला ती आयुष्यभर विचारत राहिली, ऐकता का, त्याला तिचा आवाजसुद्धा ओळखू येऊ नये.

त्याच काळात एका इंग्रजी मासिकात मी केबलबद्दल वाचलं. स्पीकरची तार चांगली असली तर आवाजावरचा पडदा निघतो, गाणारा माणूस समोर उभा राहतो, असं त्यात लिहिलं होतं. मी ते पान अनेकदा वाचलं. गाणारा समोर उभा राहत असेल तर बोलणारीही राहील. नागपूरला कामासाठी गेलो तेव्हा बर्डीवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं जाड, पारदर्शक वेष्टणाची केबल काढून माझ्या हातात दिली. आतला एक पदर तांब्याच्या रंगाचा होता, दुसरा चांदीसारखा. "भाऊसाब, आवाज को खुला रास्ता चाहिए," तो म्हणाला. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. मी केबल घेतली आणि परतीच्या बसमध्ये चंद्रपूर येईपर्यंत ती मांडीवर धरून बसलो.

रविवारी सकाळी मी पिवळी तार काढली आणि नवी लावली. तांब्याचा पदर लालमध्ये, चांदीचा काळ्यात, दोन्ही पेट्यांना तसंच. रंगच वेगळे असल्यामुळे विचारायचं काही कारण नव्हतं. कॅसेट घातली.

पुढचं कसं सांगावं हे मला अजून नीट जमत नाही. आवाज पेट्यांमधून येत नव्हता. दोन पेट्यांच्या मधोमध, जिथे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या जरा खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर माय बोलत होती. तिला छाती होती, पोट होतं. सूप मांडीवर होतं हे कळत होतं. मी उभा होतो तो पटकन बाजूला सरकलो, जसं कोणी कामात बसलेलं असलं की आपण त्याच्या उजेडातून बाजूला होतो.

बाबा ओसरीत तंबाखू मळत होते. मी त्यांना बोलावलं नाही. मला भीती वाटत होती. तेच उठून आले. दारात थांबले. डाव्या तळहातावर तंबाखू तशीच, उजवा अंगठा तिच्यावर टेकलेला आणि थांबलेला. ते पेट्यांकडे पाहत नव्हते. कॅलेंडरखालच्या जागेकडे पाहत होते.

"हा आहे तिचा आवाज," ते म्हणाले. मग खाली बसले आणि कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत ऐकत राहिले. संपल्यावर मला म्हणाले, "मंग इतके दिवस कोन बोलून राह्यलं होतं?"

त्या दिवसापासून मी केबलचा भक्त झालो. डेपोत सांगितलं, बसमध्ये सांगितलं, ज्यांच्या घरी साधा रेडिओ नव्हता त्यांनाही सांगितलं. भाऊजींना सांगितलं तेव्हा मात्र गाठ पडली. ते धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"साळेबुवा, तांबं हे बी आहे अन् तांबं थे बी होतं," ते म्हणाले. "आता तांब्याले का मालूम, माय कोन अन् शेजारीन कोन?"

मी म्हणालो, तुम्ही ऐकून पाहा. ते म्हणाले, "उद्या मनशील, या तारेवर कपडे वाळू घातले त इस्त्री होऊन निंगते." बाई खूप हसली. मला राग आला, कारण ते काय मागणार हे मला कळलं होतं आणि मला ते नको होतं. जुनी तार लावून पुन्हा ऐकायचं. मायचा आवाज मोठ्या मुश्किलीनं घरात आला होता. परत बाबा म्हणाले असते, ही ती नाही, तर? किंवा, आणि हे जास्त वाईट होतं, जुन्या तारेवरही ते म्हणाले असते, ही तीच आहे, तर? मग मागच्या सगळ्या वर्षांचं मी काय करणार होतो? बाबा तिला विसरले होते आणि त्यांना मधूनमधून आठवत होतं, एवढंच त्यातून निघालं असतं.

"बाबाच सांगतीन," बाई म्हणाली, आणि मग माझं काही चाललं नाही.

जेवणं झाली. लाईन गेली होती, ती यायची वाट पाहत आम्ही बसलो. लाईन आल्यावर भाऊजींनी ॲम्प्लिफायर आणि पेट्यांच्या मागच्या बाजूवर चादर टाकली, म्हणजे कोणती तार लागली आहे ते आम्हाला दिसू नये. बाबांना त्यांनी मोठ्यानं समजावलं, माय असली तर हाये म्हणा, नसली तर नाई म्हणा. बाबांना हा खेळ नीट कळला आणि आवडलाही. ते खुर्चीत ताठ बसले.

पहिल्या वेळी माय कॅलेंडरखाली होती. बाबा म्हणाले, "हाये." भाऊजी चादरीमागे गेले, बरीच खुडबुड केली, कॅसेट त्याच जागी मागे घेतली. दुसऱ्या वेळीही ती तिथेच होती, तशीच, सूप मांडीवर घेऊन. बाबा म्हणाले, "हाये." भाऊजींनी चादर उचलून दाखवलं. पिवळी तार लागलेली होती.

मी खाली पाहत बसलो. ज्याच्यासाठी मी नागपूरहून मांडीवर ओझं आणलं ते पिवळ्या तारेला आधीच येत होतं, आणि तरी ते इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. दोन्ही गोष्टी मी माझ्या कानांनी ऐकल्या होत्या. भाऊजींच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते इमानदार मास्तर होते. एकदा झालं ते खरं नाही, असं म्हणून त्यांनी पिवळी तार काढली आणि पिवळीच पुन्हा लावली.

बाबा पुढे झुकले. "नाई," ते म्हणाले. "गेली."

ती खरंच गेली होती. आवाज सगळीकडे होता आणि ती कुठेच नव्हती. बाई उठून उभी राहिली. तार तीच, कॅसेट तीच, बटणाला कोणी हात लावला नव्हता. भाऊजींचं हसू मावळलं. ते जमिनीवर बसले आणि तारेचे दोन पदर बोटांनी धरून, पीळ मोजल्यासारखे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेले. पेटीपाशी पोचल्यावर तिथेच थांबले.

"दोन्ही पदर पिवळे आहेत," ते म्हणाले. "एका पेटीचे टोकं उलटे लागले."

मग त्यांनी, बाबांना ऐकू जावं म्हणून वर्गातल्यासारख्या मोठ्या आवाजात, आम्हाला समजावलं. टोकं सारखी असली की दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे येतात. एकाची उलटी लागली की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एक ढकलतो ते दुसरा ओढून घेतो. त्यात सगळ्यात आधी मरतात ते जाड आवाज. बारीक आवाज बरेचसे वाचतात, म्हणून आपल्याला गाणं ऐकू येतच राहतं आणि चूक कळत नाही.

जाड आवाज. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कानांत तेवढेच उरले होते. आम्हाला जी माय थोडी पोकळ ऐकू येत होती, तिच्यातला त्यांना ऐकू येऊ शकेल असा भाग घरात पोचतच नव्हता. त्यांना जे येत होतं ते खरोखरच कोण्या दुसऱ्या बाईचं होतं. आमच्या घरात चांगल्या कानांची माणसं होती, आणि आवाज बरोबर नाही हे एका बहिऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तो विसरला म्हणून आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजलो होतो.

"ही तार लावली कोनं होती?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा आवाज अजून वर्गातलाच होता.

"मी," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो. दूध नासल्यावर म्हणतो तसंच, पण या वेळी मला ठाऊक होतं की ते खोटं आहे आणि मला ते तसंच राहायला हवं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं, हे त्यांना कशाला कळायचं?

"तू कुठी लावली?" बाबा म्हणाले. "मी लावली."

बाबा खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू जमिनीवर बसले, पेटीपाशी सरकले. मला वाटलं आता त्यांचा चेहरा पडेल. तो पडला नाही. खाणीतून वर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी एक सावध शांतता असायची, ती मला त्या क्षणी खूप वर्षांनी दिसली.

"बंद कर," ते मला म्हणाले. तारेला हात लावण्याआधी ते नेहमी हेच म्हणत आले होते. मी सेट बंद केला. त्यांनी टोकं सोडवली, अदलाबदल केली, कसली. "लाव."

माय आली. कॅलेंडरखाली.

"बंद कर." पुन्हा सोडवली, पुन्हा बदलली. "लाव." माय गेली.

असं त्यांनी किती वेळ केलं ते मी सांगू शकत नाही. आली. गेली. आली. आम्ही तिघं तिथे उभे होतो आणि कोणाला बसायचं सुचत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "सारा जलम कोनतंबी टोक लावलं, फुटलंच. हिले टोक पाहा लागते." बोलताना त्यांचा आवाज देवळात बोलतात तसा खाली आला होता. बायकोबद्दल इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी माय असताना सेट बंद करवला आणि दोन्ही पेट्यांच्या तारांतल्या एकेका पदराला दोन्ही टोकांपाशी बारीक गाठ मारली. ही गाठ लालमध्ये. पुन्हा चुकायला नको.

नागपूरची केबल बरेच दिवस कपाटावर पडून होती. पुढे बाबांनीच ती मागच्या अंगणात बांधली. कपडे चांगले वाळतात. इस्त्री होत नाही. पिवळी तार मात्र अजून सेटलाच आहे आणि गाठीही तशाच आहेत.

त्या दुपारी गाठ मारून झाल्यावर बाबा परत खुर्चीत बसले आणि कॅसेट पहिल्यापासून लावायला सांगितली. रोवणीचं गाणं झालं. कोंबडी झाली, शेजारीण झाली. मग ती हाक आली, जी आम्हा सगळ्यांना पाठ होती. झिंगे उन्हात घालायचे होते आणि बाबा त्या दिवशी घरात कुठेतरी होते आणि त्यांना ऐकू गेलं नव्हतं. म्हणून कॅसेटवर ती हाकेनंतर थांबते, वाट पाहते, पुन्हा हाक मारते.

"आयकता का?" माय म्हणाली.

"आयकलं," बाबा म्हणाले. पहिल्याच हाकेला.

ती थांबली. "आयकता का?"

"आयकलं व, आयकलं." बाबा हसत होते आणि डोळे पुसत होते. तिसरी हाक यायच्या आधी ते आमच्याकडे वळून म्हणाले, "आता तिलेच आयकू येत नाई."